लांब दांड्याचे कोयते

पोलीस पाटील हा गावातला एक विचित्र प्राणी असतो. भांडण पेटलं की "पाटील कुठं मेला?" म्हणून त्याला शोधतात, आणि भांडण मिटलं की चहा वाटताना नेमका तोच कुणाला दिसत नाही. आमच्या गावातला हा प्राणी म्हणजे मी. नाव म्हाळू, जातीनं धनगर, शिकून बी.ए. वडिलांनी मेंढरांमागं चपला झिजवल्या, मी तहसीलच्या पायऱ्यांवर झिजवल्या. माझ्याबद्दल एवढं पुरे. सांगायचंय ते केदारनाथ अप्पांबद्दल. त्यांनी परवानगी दिली ती नावं बदलायच्या अटीवर. माणसांची मी बदलली आहेत, आणि गावाचं नाव घेतच नाही. पाटोद्याच्या बाजाराला जाणारं एक गाव, एवढं बास.

अप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, साखळ्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि मुख्य म्हणजे ऊसतोडीचे कोयते. आमच्या भागात दसरा झाला की अर्धं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यांकडे ऊस तोडायला जातं. नवरा-बायको जोडीनं जातात, आणि त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव देणारा दुसरा कुठला धंदा असेल तर मला माहीत नाही. जायच्या आधी सगळे अप्पांच्या दुकानात येतात. तिथं एक नियम होता, तो आजही आहे. कोयता ज्याचा त्यानं हातात धरून बघायचा आणि मगच घ्यायचा. एखादा गडी बायकोसाठीही कोयता मागायला लागला की अप्पा चष्म्यावरून बघायचे.

"तिचं मनगट घिऊन आलास का संगं? न्हाई ना? मग जा, तिला पाठव."

गडी चरफडत जायचा. बायको यायची, चार कोयते हलवून बघायची, पाचवा उचलायची आणि नवऱ्याच्या कोयत्यापेक्षा हलका का जड, यावर अप्पांशी वाद घालायची. अप्पांना हा वाद फार आवडायचा. दसऱ्याच्या सुमाराला दुकानावर गेलं की करमणूक फुकट मिळायची.

अप्पा लिंगायत. सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि मग दुकान. बायको तरुणपणीच गेली. मूलबाळ झालं नव्हतं. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून लई डोकं खाल्लं, पण अप्पांनी ऐकलं नाही. त्यांना एकटेपण जाणवायचं कारणही नव्हतं, कारण धाकटी बहीण रुद्राणी गावातच दिलेली होती. तिचा नवरा पोरगं लहान असतानाच वारला. तेव्हापासून त्या पोराचा बाप म्हणा, मामा म्हणा, अप्पाच. पोराचं नाव महांतेश. त्याचं जावळ अप्पांच्या मांडीवर काढलं, त्याला सायकल अप्पांनी शिकवली, आयटीआयला अप्पांनी घातलं. दिवस मावळला की अप्पा दुकानाची फळी लावून रुद्राणीकडे जेवायला जायचे. ती भावाच्या आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायची नाही. उशीर झाला तर दारात उभी राहून गल्लीत बघायची, आणि अप्पा दिसले की आत जाऊन रागवायला तयार व्हायची.

आता गावाचं सांगतो. ओढ्याच्या अलीकडे वरचं गाव, आम्ही सगळे तिथले; पलीकडे खालचं. मधे पूल. दोन्हीकडच्या बायका एकाच गिरणीत दळण नेतात. पण गेल्या दोन-तीन वर्षांत काहीतरी बिघडलं. कोण कोणत्या जातीचे, कोणाचं म्हणणं खरं, ते मी सांगणार नाही. नाव घेतलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि माणसं बाजूला राहतात. एवढंच सांगतो की मोबाईलवर रोज काहीतरी यायला लागलं. कुठल्यातरी गावातलं जळालेलं घर, कुणाचं तरी रक्त, आणि खाली लिहिलेलं की आता तुमचा नंबर. ते कुठलं गाव, कुठल्या सालचं, कुणी विचारत नव्हतं. आधी पोरं पुलावर बसून एकमेकांना शिव्या द्यायची. मग शिव्या बंद झाल्या, आणि मला जास्त भीती वाटायला लागली.

ठाण्यात दर सणाआधी शांतता समितीची बैठक असायची. मी आणि अप्पा दोघंही तिचे सदस्य. प्रत्येकानं उठून "आमचं गाव पहिल्यापासून शांतताप्रिय आहे" असं म्हणायचं, चिवडा खायचा, फोटो काढायचा आणि एसटी पकडायची. त्या वर्षी प्रियदर्शनी मॅडम नावाच्या नवीन फौजदार आल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत आमची भाषणं अडवली.

"शांततेचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात हल्ली कोणतं पोरगं कुणाशी बोलत नाही, तेवढं सांगा."

येताना एसटीत आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, बाई नवीन आहे, शिकेल. अप्पाही हसले होते.

त्यानंतर चैत्रात महांतेश दुकानावर आला. हे सगळं अप्पांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, जसंच्या तसं.

"मामा, पंधरा कोयते पायजेत. टोळी धरतोय."

अप्पांना आधी आनंद झाला. पोरगं पोलीस भरतीत दोनदा पडलं होतं, दिवसभर मोबाईल घेऊन माळवदावर पडून असायचं. आता निदान काहीतरी करतंय. पण व्यापारी माणूस. आनंदातही डोकं चालू.

"आत्ता? कारखाने कवाचे बंद झाले."

"फुडच्या सालासाठी."

"मग माणसं घिऊन ये. हातात धरून घेतील."

"माणसं कावून? कसलेबी द्या. निस्ता दांडा लांब बसवा."

अप्पा म्हणाले, "लोहाराला सांगावं लागंल, आठवडाभर लागंल." पोरगं बरं म्हणून गेलं. संध्याकाळी अप्पा नेहमीसारखे रुद्राणीकडे जेवले. पोरगं शेजारीच बसलं होतं. अप्पांना भाकरी गिळवली नाही, आणि रुद्राणीनं विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

सकाळी मी शेळीचं दूध काढत होतो तेव्हा अप्पा आले आणि ओट्यावर बसले. मी चहा ठेवायला सांगितला. तो त्यांच्यापुढं गार झाला.

"पाटील," ते म्हणाले, "ऊस बुडातनं तोडावा लागतो. कंबरंत वाकून. म्हणून कोयत्याचा दांडा आखूड असतो. लांब दांड्यानं ऊस तुटत न्हाई."

"मग?"

"लांब दांडा उभ्या जिवासाठी असतो."

खालच्या गावाची जत्रा तोंडावर होती, आणि पालखी दर साली पुलावरून वरच्या गावात देवळापर्यंत यायची. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांच्याही मनात पूलच होता.

आधी घरगुती उपाय केला. आपल्याकडे घरगुती उपाय केल्याशिवाय माणूस दवाखान्यातही जात नाही. अप्पांनी पोराला दुकानात बसवून घेतलं, गोडीनं विचारलं, मग रागावून विचारलं. पोरगं उठताना एवढंच म्हणालं, "तुमच्यानं जमत न्हाई तर पाटोद्यात दुसरी दुकानं हायत." मामाशी तो आयुष्यात कधी असं बोलला नव्हता.

राहिला ठाण्याचा रस्ता. मला त्याचीच धास्ती होती. ठाण्यात एकदा नाव चढलं की पोरगं नोकरीतून जातं आणि सोयरिकीतूनही जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय मार. मी अप्पांना हे स्पष्ट बोललो. अप्पा म्हणाले, "नाव चढंल न्हाईतर रक्त चढंल. चला." एवढा मवाळ माणूस, पण त्या दिवशी माझ्या पुढं चालत होता.

प्रियदर्शनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि शिपायाला बाहेर पाठवलं होतं. अप्पांनी हात जोडले नाहीत, गयावया केली नाही. म्हणाले, "मला पोरगं परत पायजे. ते द्याल तर सगळं सांगतो."

"अजून काही घडलेलं नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "घडायच्या आधी आलात म्हणून हे आपल्याला बोलता येतंय. ह्या पोरांना बाहेरून कुणीतरी चालवतंय, तो मला हवाय. पोरांवर गुन्हा नको, तहसीलदारांसमोर चांगल्या वर्तणुकीची हमी घेऊ, बीडला समुपदेशकाकडं पाठवू. पण हमीला गावातला माणूस लागेल. नुसत्या पोलिसांनी पोरगं परत येत नाही."

"मी हाय," अप्पा म्हणाले.

"आणि एक गोष्ट. कोयत्यांची भानगड ह्या खोलीबाहेर जाता कामा नये. खालच्या गावाला कळलं की वरच्या पोरांनी आपल्यासाठी कोयते मागवले होते, तर उद्या ते मागवतील. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. गावाला एवढंच सांगायचं की मोबाईलवर वाईट मेसेज फिरवले म्हणून समज दिली."

अप्पांनी विचारलं, "आन् बहिणीला?"

"ते तुम्ही ठरवा. पण घरात कळलेलं गावात कळतं."

अप्पांनी मान हलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस काय कबूल करतोय. माझं डोकं जत्रेत होतं.

आता जी चूक झाली ती सांगतो. अशी चूक मामाच करू जाणे. दुसऱ्या दिवशी पोरांना आणायला जीप निघाली तेव्हा अप्पा हट्टानं जीपमध्ये बसले. मॅडम नको म्हणत होत्या. अप्पांचं म्हणणं, पोरगं घाबरेल, मी दिसलो की घाबरणार नाही. बारशापासून त्या घरात जे काही झालं त्याला मामा हजर होता, मग ह्यालाच गैरहजर कसा राहणार? आणि म्हणून रुद्राणीनं जे पाहिलं ते असं पाहिलं: दारात पोलिसांची जीप, आणि तिच्यातून पहिला उतरला तो सख्खा भाऊ.

"अण्णा, तू कावून ह्यांच्या गाडीत?"

अप्पा म्हणाले, "चौकशी हाय निस्ती. मोबाईलचं काईतरी."

"मोबाईल समद्यांकडं हाय. माज्याच दारात जीप कावून?" ती महांतेशकडे वळली. "काय केलंस रं तू?"

पोरगं खाली बघत होतं. "काय न्हाई केलं, आई."

रुद्राणीनं भावाकडं बघितलं. मी तिथंच होतो. अप्पांनी एक शब्द उच्चारला असता तर सगळं तिथल्या तिथं फिरलं असतं. गल्लीत माणसं जमली होती. अप्पा म्हणाले, "खरं हाय. काय न्हाई केलं त्यानं."

"मंग आणलंस कावून ह्यांना?"

ते अप्पांना गल्लीत सांगता येत नव्हतं. रुद्राणी काही ओरडली नाही, तमाशा केला नाही. हळू आवाजात म्हणाली, "माज्या उंबऱ्याला परत पाय लावू नको," आणि पोराच्या मागं मागं जीपपर्यंत अनवाणी गेली.

पुढचं सरकारी काम मात्र मानलं पाहिजे. ज्याला ही पोरं 'भाऊ' म्हणायची तो दूर एका शहरात सापडला. तो कधी ह्या जिल्ह्यात आलाही नव्हता. पोरांना कुणी हात लावला नाही. जत्रा झाली, पालखी पुलावरून आली, आणि मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही त्याच पोरांना पुलावर सरबत वाटायला उभं केलं. महांतेश पेले पुढं करत होता. खालच्या गावची एक म्हातारी त्याला म्हणाली, "साखर कमी पडली रं बाबा." बास, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा झगडा तो. खालच्या गावाला आजही काही माहीत नाही. गिरणी चालू आहे. घडलं नाही त्याची बातमी होत नसते, आणि ते ज्यानं टाळलं त्याचा सत्कारही होत नसतो.

त्या वर्षी अप्पांनी चूल पेटवली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं पहिल्यांदा भाकरी थापायची म्हणजे काय ते मी बघितलंय. मी दोनदा घरी जेवायला बोलावलं. आले, माझ्या बायकोशी दोन गोष्टी बोलले, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "नको पाटील. पराया घरी रोज जेवलं की आपलं घर न्हाई हे कळत ऱ्हातं." दुकानात गिऱ्हाईक यायचं, पण वरच्या गावातली माणसं अप्पा दिसले की बोलणं बदलायची. पोरांचे बाप तर सरळ तोंड फिरवायचे. 'खबऱ्या' असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. बायका मात्र आता कोयता हलवून बघायच्या आणि वाद न घालता घेऊन जायच्या. अप्पा मुद्दाम जड कोयता पुढं करायचे, कुणीतरी भांडावं म्हणून. कुणी भांडायचं नाही.

हमी अशी होती की महांतेशनं दर मंगळवारी बीडला समुपदेशकाकडं जायचं आणि तो जातो की नाही ते हमीदारानं बघायचं. रुद्राणीनं सांगून ठेवलेलं, मामाबरोबर जायचं नाही. मग दर मंगळवारी पोरगं एसटीत पुढं बसायचं आणि अप्पा सगळ्यात मागच्या सीटवर. मांजरसुंब्याच्या घाटात एसटी वळणं घ्यायची तेव्हा मागची सीट जास्त आदळते. अप्पांचं कंबरदुखीचं जुनं दुखणं. मी म्हणालो, मधे तरी बसा. तर म्हणाले, "मागनं त्याचं डोस्कं दिसतं."

असे काही महिने गेले. एका मंगळवारी परत येताना पोरगं उठून मागं आलं आणि मामाशेजारी बसलं. अप्पांनी मला ते लई दिवसांनी सांगितलं. पोरगं म्हणालं होतं, "मामा, तो भाऊ मला रोज फोन करायचा. पैला सवाल एकच. जेवलास का?" हे सांगून अप्पा मला म्हणाले, "पाटील, मी रोज त्याच्या शेजारी बसून जेवायचो. ताट दिसत होतं ना समोर. म्हणून कदी इचारलं न्हाई."

समुपदेशकाचा उपयोग झाला का मामाच्या मागच्या सीटचा, ते मला सांगता यायचं नाही. पण पोरगं बदललं. बोलायला लागलं. चाकणच्या एका कारखान्यात लागलं. हमीचं वर्ष संपलं तेव्हा मॅडमची बदली झाली होती. त्यांनी जाताना अप्पांच्या दुकानातून एक विळी घेतली आणि "काका, काळजी घ्या" म्हणाल्या. काळजी कशी घ्यायची हे काही सांगितलं नाही. सरकारकडं त्याचं परिपत्रक नसावं.

कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला लिंगायतांची गर्दी असते. अप्पा दर साली तिथं पंगतीत वाढायला जायचे, गेल्या वर्षीही गेले. मी पण बंदोबस्ताच्या निमित्तानं होतो. पंगतीत बायकांच्या रांगेत रुद्राणी बसली होती, आणि अप्पा वरणाची बादली घेऊन त्याच रांगेनं येत होते. मी दुरून बघत होतो. मनात म्हटलं, देवाच्या दारात तरी. अप्पा तिच्यापुढं आले, वाकले, पळी भरली. तिनं ताटावर आडवा हात धरला. वर बघितलंही नाही. अप्पांनी क्षणभर पळी तशीच धरली, मग पुढच्या बाईला वाढलं, मग तिच्या पुढच्या. रुद्राणी भात कोरडाच खात होती.

त्या दिवशी माझं डोकं सटकलं. तिथल्या धबधब्याच्या वाटेवर अप्पांना गाठून मी म्हणालो, "आता बास झालं. जत्रा झाली, वर्ष झालं, मॅडम गेल्या. मी जाऊन ताईंना सांगतो, तुमच्या पोरानं काय मागवलं होतं ते."

अप्पांनी माझा दंड धरला. त्यांच्या हातात अजून लोखंडाची ताकद होती.

"तिला काय हाय पाटील? नवरा न्हाई. एक पोरगं हाय, आन् ते सोन्यासारखं हाय ह्या भरवशावर ती उठती-बसती. भाऊ हलकट निघाला तर ती रडल, शिव्या दील, जगल. पोरगं माणसं तोडाया निघालं हुतं हे कळलं तर ती त्याच्या ताटात कशी वाढंल?"

"आणि तुम्ही?"

"माजं काय. मला भाकरी जमाया लागली."

मला त्यांचा राग आला. अजून येतो. इतका चांगुलपणा माणसाला परवडू नये. मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही, आणि मग लक्षात आलं की त्यांच्याशी न बोलणाऱ्यांत मी एक भर घातली, म्हणून गेलो.

ह्या उन्हाळ्यात महांतेशचं लग्न ठरलं. मुलगी घाटनांदूरची. लग्न आमच्याच गावात, शाळेच्या मैदानावर. आपल्याकडं पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला. दुसरी पत्रिका रुद्राणीनं एका लांबच्या चुलत दिराला दिली. गावानं ते पाहिलं आणि गाव गप्प बसलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी महांतेश दुकानावर आला. मी तिथं बसलेलो होतो. उठायला लागलो तर त्यानंच बसवलं. हळद लागली होती, कपाळावर विभूती होती. तो अप्पांच्या पाया पडला.

"मामा, मी आज आईला समदं सांगणार. उद्या तुमी माज्या पाठीशी उभं राहायचं."

अप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मी मनात म्हणालो, हो म्हणा. एकदा तरी हो म्हणा. अप्पांच्या तोंडावरही ते आलं होतं, मी पाहिलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा लावला.

"उद्या तुजं लगीन हाय. घरात लक्ष्मी येणार. आन् तू आज आईला काय सांगणार? की ज्या हातानं उद्या कुणाच्या गळ्यात मणी बांदायचेत, त्या हातानं मी काय धराया निघालो हुतो?"

"मला न्हाई सोसत, मामा. ती तुमाला वंगाळ बोलती तवा मला अन्न गोड लागत न्हाई."

"सोसायला शिक. मी शिकलो." मग ते म्हणाले, "गळ्यातल्या लिंगाला हात लाव. म्हण, आई हाय तवर सांगणार न्हाई."

पोरानं बराच वेळ हात उचलला नाही. शेवटी उचलला आणि तसं म्हटलं. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगं गेल्यावर ते सामान पुसत बसले, जे सकाळीच पुसलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी मी नवं धोतर नेसून निघालो आणि दुकानाशी आलो तर दुकान उघडं. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून गल्ल्यावर बसले होते. अख्खा बाजार बंद, सगळे मांडवात. माझे पाय पुढं गेले नाहीत. मी पायरीवर बसलो. शाळेवरचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू येत होता. सूत्रसंचालक घाटनांदूरहून मुलीकडच्यांनी आणलेला, आवाजाचा मोठा हौशी. तो पाहुण्यांची नावं घेत होता, मानपान पुकारत होता. मग म्हणाला:

"मुलीचे मामा मुलीला घेऊन आलेले आहेत. नवरदेवाचे मामा, नवरदेवाचे मामा जिथं असतील तिथून त्यांनी मांडवात यावं. मुहूर्त जवळ आला आहे."

अप्पा उठले. मला वाटलं पाणी प्यायला. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, चपला घातल्या आणि पायरी उतरले. विचार करून केलेलं ते काही नव्हतं. नाव पुकारलं की माणूस जसा उठतो तसे ते उठले. ते रस्त्याच्या मधोमध गेले असतील तोवर पुन्हा पुकारा झाला.

"नवरदेवाचे मामा. कृपया उशीर करू नये."

अप्पा चालत होते. तिसऱ्यांदा त्यानं 'नवरदेवाचे' एवढंच म्हटलं. भोंग्यात काहीतरी खरखरलं. त्याला कुणीतरी बाजूला ओढलं असावं, पण माईक बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आणि सगळ्या गावावरून रुद्राणीचा आवाज गेला, अगदी स्पष्ट, नेहमीसारखा हळू.

"त्याला मामा न्हाई."

अप्पा थांबले. सूत्रसंचालक सावरून घेत म्हणाला, बरं बरं, काका उभे राहतील. मग लग्न लावणाऱ्या स्वामींनी मंगलाष्टक सुरू केलं. अप्पा तिथंच रस्त्यात उभे होते, शाळेकडं तोंड करून. मी मागं जाऊन उभा राहिलो. काय करावं ते मला कळेना. पहिलं 'सावधान' झालं तेव्हा अप्पांनी हात उचलला आणि शाळेच्या दिशेनं अक्षता टाकल्या. मूठ रिकामी होती. पुन्हा 'सावधान' झालं, पुन्हा टाकल्या. प्रत्येक वेळी टाकल्या, शेवटच्या टाळ्या वाजेपर्यंत.

मग ते माझ्याकडं वळले. डोळे कोरडे होते. म्हणाले, "पाटील, तुमी जावा. आपल्याकडनं कुणीतरी असाया पायजे तिथं."

मी गेलो. महांतेश बोहल्यावर हार घालून उभा होता आणि ढसाढसा रडत होता. एवढा मोठा गडी, नवरी घाबरून त्याच्याकडं बघत होती. रुद्राणी पदरानं त्याचे डोळे पुसत होती आणि भोवतालच्या बायकांना सांगत होती, "बापाची सय आली लेकराला. बाप नसला की असं होतं."

बायका हळहळल्या. महांतेशनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि पंगतीत न बसता घरी आलो.